१२३४५६७८९८७६५४३२१ : सतरा अंकी आकडा कागद-पेनाने कसा उघडायचा

मे महिन्यातली दुपार, नागपुरात बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरमध्ये आत्ताच पाणी भरलेलं, आणि भाचा दहावीची परीक्षा देऊन घरात नुसता लोळून राहिलेला. मी महिन्याअखेरचे जीएसटीचे आकडे जुळवत होतो तर हा फोन घेऊन आला, म्हणे, "मामा, नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला तर हे काहीतरी भलतंच दाखवून राहिलं, शेवटी शून्य काहून येते?" एकाने संपणाऱ्या आकड्याचा वर्ग एकानेच संपायला पाहिजे, पोराला तेवढं बरोबर खटकलं. मग जीएसटी ठेवलं बाजूला आणि मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून बसलो दोघं, संध्याकाळचे सहा वाजले. त्या पानांवर जे झालं ते इथे पायरीपायरीने लिहून राहिलो, कारण मोठी संयुक्त संख्या हाताने उघडायची, म्हणजे तिचे मूळ अवयव काढायचे म्हटलं की लोक आधीच हात टेकतात, आणि हा आकडा शिकायला एकदम बेस्ट आहे.

आधी मशीनचं भांडण मिटवून टाका

खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सेम. हिंदीतल्या अरब-खरब मोजणीने सांगायचं तर १२ पद्म ३४ नील ५६ खरब ७८ अरब ९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१.

एक्सेलमध्ये हा आकडा टाईप करून पाहा, शेवटचे दोन अंक शून्य होऊन जातात, १२३४५६७८९८७६५४३००, कारण एक्सेल पहिले १५ अंकच खरे धरतं, पुढचे गपचूप शून्य करतं आणि सांगतसुद्धा नाही. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला विचारलं तर ते शेवटी ३२० सांगतं. त्याचं कारण वेगळं, त्याच्याकडे साधा आकडा ठेवायची जी जागा असते तिच्यात २ चा ५३वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच सगळे पूर्णांक जसेच्या तसे बसतात, त्यापुढे दुप्पट होईपर्यंत फक्त सम आकडे. आपला आकडा विषम आणि त्या हद्दीच्या पुढचा, म्हणून एक घरंगळला. मशीनवरच करायचं असेल तर पायथॉन वापरा, तिथे पूर्णांकाला अशी हद्द नाही. पण या लेखापुरतं मशीन फक्त शेवटी ताडून पाहायला, आधी नाही.

हाताने वर्ग कसा येतो ते एकदा मांडूनच पाहा. नऊ एक, त्याखाली परत तेच नऊ एक पण एक घर सरकून, असे नऊ थर. उभ्या ओळींची बेरीज केली की कडेच्या ओळीत एकच एक, पुढच्या ओळीत दोन, मग तीन, असं मधल्या ओळीत बरोबर नऊ. कुठेच हातचा येत नाही. म्हणून आकडा असा पायऱ्यांसारखा चढतो आणि उतरतो.

अशा संख्यांना नाव आपल्याच माणसाने दिलंय. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, देवळालीला शाळामास्तर, तेच ते ६१७४ या कापरेकर स्थिरांकावाले. त्यांनी यांना डेमलो संख्या म्हटलं, कारण कल्पना सुचली ती डेमलो स्टेशनवर, जे आता डोंबिवली आहे. लोकलची वाट पाहत लोक काय काय करतात आणि हा माणूस काय करत होता बघा.

पहिली पायरी : आकड्याला भिडू नका, तो कुठून आला ते विचारा

सगळ्या प्रकरणातली कामाची गोष्ट हीच आहे. सतरा अंकी आकड्याला ३, ७, ११, १३ असं भागत सुटलात तर रात्र होईल. पण आपल्याला माहीत आहे की हा १११११११११ चा वर्ग आहे, म्हणजे काम एकदम नऊ अंकांवर आलं. आणि त्या नऊ एकांकडेही नीट पाहा, तीन-तीनचे गठ्ठे पाडा, १११ १११ १११. म्हणजे हे १११ × १००१००१ झालं. आता १११ म्हणजे ३ × ३७, हे तर पाठ पाहिजे. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून त्याला ३ ने भाग जातो, येतात ३३३६६७.

तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

वर्ग आहे म्हणून प्रत्येक अवयव दुप्पट वेळा : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. भाचा म्हणे "बस, झालं?" नाही ना बाप्पा. ३३३६६७ मूळ आहे की आणखी फुटतो हे कोण पाहणार?

दुसरी पायरी : ३३३६६७ मूळ आहे का

इथे लोक कंटाळतात, म्हणून इथेच जास्त वेळ देतो.

साधा नियम असा की वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, म्हणजे ५७७ पर्यंत जायचं. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत १०६. एकशे सहा भागाकार, उन्हाळ्याच्या दुपारी, कोणी करत नाही. भाच्याने पेन ठेवूनच दिला.

पण इथेही आकडा कुठून आला ते कामाला येतं. ३३३६६७ हा नऊ एकांना भागतो, म्हणजे ९९९९९९९९९ लाही भागतो. समजा ३३३६६७ ला कोणती तरी मूळ संख्या भागते, तर तीही नऊ नऊंना भागणार. आता १ ला अशा संख्येने भागलं की दशांशात जे अंक फिरून फिरून येतात त्या फेऱ्याची लांबी ९, ३ किंवा १ यापैकीच एक असणार. लांबी १ असलेली एकच मूळ संख्या, ३. लांबी ३ असलेली एकच, ३७, कारण ९९९ म्हणजे २७ × ३७, दुसरं काही त्यात नाहीच. राहिली लांबी ९. आणि फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की या फेऱ्याची लांबी नेहमी त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर जे उरतं त्याला भागते. म्हणजे आपल्या संशयितातून १ वजा केला तर ९ ने भाग गेला पाहिजे, आणि संशयित विषम आहे म्हणून २ नेही, म्हणजे १८ ने.

एवढं कळलं की यादी एकदम आटोपते. १८ च्या पाढ्यात १ मिळवत जायचं आणि जे मूळ आहेत तेवढेच घ्यायचे : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा. १०६ वरून सतरावर आलो, एकही भागाकार न करता.

मग वाटून घेतले, नऊ मी, आठ त्याने. १९ ने बाकी ८. ३७ ने बाकी १, कारण ३७ × ९०१८ = ३३३६६६, अगदी एकाने हुकला. १६३ ने बाकी ६. ५२३ ने जवळजवळ फसवलंच, ५२३ × ६३८ = ३३३६७४, सात जास्त. ५७७ ने बाकी १६१. बाकीचे तुम्ही करा, एकालाही भाग जात नाही. ३ चं तर आधीच संपलं, अंकांची बेरीज २८. म्हणून ३३३६६७ मूळ. वीस मिनिटं लागली, त्यातली पाच त्याने आंब्याचं पन्हं पिण्यात घालवली.

याच गंमतीचं दुसरं टोक : फेऱ्याची लांबी बरोबर ९ असलेली मूळ संख्या जगात ही एकच. १ भागिले ३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७ आणि मग तेच नऊ अंक परत परत. पटत नसेल तर ३३३६६७ × २९९७ करून पाहा, ३००० ने गुणून तीन पट वजा करायची, १००१००१००० − १००१००१ = ९९९९९९९९९. हा २९९७ लक्षात ठेवा, परत भेटणार आहे.

आणि समजा कुठून आला ते माहीतच नसतं तर?

मग कसोट्या. आपल्या सतरा अंकी आकड्याच्या शेवटी १ म्हणून २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ८१, म्हणून ३ आणि ९ नक्की. त्यापुढे लोक ७ ची कसोटी, ११ ची कसोटी, १३ ची कसोटी असं वेगवेगळं पाठ करतात, गरज नाही. आकडा उजवीकडून तीन-तीनच्या गठ्ठ्यात तोडा : १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१. उजवीकडून एक आड एक अधिक-वजा करा, ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. ही १००१ ची कसोटी, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३, तिन्ही एका दमात. ३०९ ला ७ ने भागलं बाकी १, ११ ने बाकी १, १३ ने बाकी १०. तिघंही बाहेर.

आता तेच गठ्ठे नुसते बेरीज करा : ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७. आला की नाही परत! ही ९९९ ची कसोटी आहे, १००० ला ९९९ ने भागलं की बाकी १ राहते म्हणून गठ्ठे सरळ मिळवता येतात. २९९७ म्हणजे तीन वेळा ९९९, म्हणजे आकड्याला ९९९ ने भाग जातो, म्हणजे ३७ हाती लागला. ३३३६६७ मात्र कसोटीने सापडत नाही, त्याला मूळ गावच माहीत पाहिजे.

एक सावधानी. अंकांची बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जातोच असं समजू नका. ९९८१ ची बेरीज २७ आहे, भागून पाहा २७ ने, जात नाही. ३ आणि ९ पुरताच तो नियम. आपल्या आकड्याला ८१ ने भाग जातो तो ३ चार वेळा आहे म्हणून, आणि येतं १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. हो, तोच आठ नसलेला १२३४५६७९, ज्याला ९ ने गुणलं की नऊ एक येतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी हर्षद म्हटलं, हर्ष देणारी. म्हणजे आपला आकडा त्यांच्याच दोन याद्यांत बसतो, डेमलो पण आणि हर्षद पण.

तिसरी पायरी : विभाजक किती आणि कोणते

नियम शाळेतला : प्रत्येक घातात एक मिळवून गुणाकार. घात ४, २, २ म्हणून ५ × ३ × ३ = ४५. विषम आलं म्हणजे वर्गसंख्या, कारण विभाजक नेहमी जोडीने येतात, फक्त वर्गमुळाला जोडीदार तो स्वतःच.

पण नुसतं ४५ सांगून सोडलं तर काय मजा. यादी करा, या आकड्याची यादी फार देखणी आहे. आधी फक्त ३ आणि ३७ पासून बनणारे पंधरा : १, ३, ९, २७, ३७, ८१, १११, ३३३, ९९९, १३६९, २९९७, ४१०७, १२३२१, ३६९६३, ११०८८९. (२९९७ तिसऱ्यांदा. १२३२१ म्हणजे धाकटा डेमलो, १११ चा वर्ग.) यातला सगळ्यात मोठाही ३३३६६७ पेक्षा लहान आहे, म्हणून पुढचे पंधरा म्हणजे याच पंधरांना ३३३६६७ ने गुणायचं, आणि शेवटचे पंधरा म्हणजे परत त्याने गुणायचं. तीन मजल्यांची अपार्टमेंट, प्रत्येक मजल्यावर पंधरा फ्लॅट, आणि खालचा एकही फ्लॅट वरच्या मजल्यात घुसत नाही, यादी आपोआप चढत्या क्रमाने लागलेली. पंचेचाळीसातला मधला तेविसावा, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा आठवा, ३३३ × ३३३६६७ = १११११११११. आपलं वर्गमूळ बरोबर नागपूरच्या झिरो माईलच्या खांबासारखं मध्ये उभं, इकडे बावीस, तिकडे बावीस.

चौथी पायरी : विभाजकांची बेरीज, आणि माझी चूक

प्रत्येक मूळ अवयवाची वेगळी बेरीज करायची आणि तिन्ही गुणायच्या.

३ साठी १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१.
३७ साठी १ + ३७ + १३६९ = १४०७.
३३३६६७ साठी आधी त्याचा वर्ग पाहिजे. सरळ गुणू नका, १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१, त्याला ९ ने भागा, १११३३३६६६८८९. त्यात ३३३६६७ आणि १ मिळवा, १११३३४०००५५७.

१२१ × १४०७ = १७०२४७, आणि हीच पहिल्या मजल्यावरच्या पंधरा विभाजकांची बेरीज, मिळवून पाहा. आता १७०२४७ × १११३३४०००५५७. मी १७०००० आणि २४७ असे दोन तुकडे केले, २४७ साठी २५० पट करून तीन पट वजा करायची होती आणि मी ती मिळवून बसलो. उत्तर दिसायला एकदम व्यवस्थित होतं. चूक पकडली ती पडताळ्याने : बेरजेत १२१ आहे म्हणून ११ ने भाग गेलाच पाहिजे, १४०७ म्हणजे ७ × २०१ म्हणून ७ नेही. माझ्या उत्तराला ११ ने जाईना. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढणारा मी, भाच्यासमोर हे. त्याने दात काढलेच.

नीट केल्यावर आलं १८९५४२७९५९२८२७५७९. गठ्ठे : ५७९ − ८२७ + ५९२ − २७९ + ९५४ − १८ = १००१. बरोबर १००१ वर येऊन थांबलं, ७ पण गेला ११ पण. असा पडताळा प्रत्येक मोठ्या गुणाकाराला करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

यातून आकडा स्वतः वजा करा, उरतात ६६०८६००६०५१७३२५८. आकड्यापेक्षा बरंच कमी, साधारण निम्म्याला थोडं जास्त. म्हणजे हा परिपूर्ण नाही (६ किंवा २८ सारखा, जिथे ही उरलेली बेरीज आकड्याएवढीच येते), आणि विपुलही नाही (जिथे ती जास्त येते), न्यून संख्या. ३ चार वेळा असला तरी २ नाही ना, २ नसला की बेरीज फुगायला जड जातं.

सहमूळ किती, हे पटकन : या आकड्यापर्यंतच्या किती संख्यांशी याचा १ सोडून कोणताच सामाईक विभाजक नाही? २७ × २, ३७ × ३६, ३३३६६७ × ३३३६६६, हे तीन गुणून ८००७९८३९९१९९२०१६. शंभरातल्या चौसष्ट-पासष्ट. पुढे जाऊ.

पाचवी पायरी : यातून त्रिकोण काढा

चारला भागून बाकी १ येणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, बाकी ३ येणारी नाही. हे फर्माने सांगितलं, सिद्ध ऑयलरने केलं. आपल्याकडे ३ ची बाकी ३. ३३३६६७ चे शेवटचे दोन अंक ६७, बाकी ३. राहिला एकटा ३७, बाकी १, आणि खरंच ३७ = ३६ + १. त्यावरून ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग.

आता १११११११११ ला ३७ ने भागा, ३००३००३. त्याने १२ ला आणि ३५ ला गुणा. ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. या दोन बाजू आणि कर्ण १११११११११, असा काटकोन त्रिकोण. आणि कर्ण नऊ एकांचा, बाजू पूर्णांकात, असा त्रिकोण हा एकच, दुसरा शोधायला जाऊ नका, कारण फुटणारा अवयव ३७ सोडून कोणी नाही. भाच्याने तो त्रिकोण कॅलेंडरवर काढून तिन्ही बाजूंवर आकडे लिहिले आणि फ्रिजवर चिकटवला, ताई विचारून राहिली हा कोणाचा मोबाईल नंबर.

आता तुमची पाळी. दहा एक घ्या आणि त्याचा वर्ग करा. इथे मधल्या ओळीत दहा येतात, हातचा निघतो आणि पायऱ्या मोडतात : १२३४५६७९००९८७६५४३२१. पण उघडायची रीत तीच, फक्त गठ्ठे पाच-पाचचे पाडा. दहा एकांचे अवयव ११, ४१, २७१, ९०९१ आले आणि वर्गाचे विभाजक ८१ निघाले तर बरोबर. ९०९१ मूळ आहे का ते तपासताना या वेळी फेऱ्याची लांबी १० धरा.